ग्रीनच्या काठावर वाया जाणारे फटके

वाचकाचे पत्र, थोडक्यात: "मी जुळे सोलापूर भागात राहतो, वय बावन्न. टॉवेलच्या व्यवसायानिमित्त पुण्याला वरचेवर जावे लागते आणि महिन्यातून एक-दोनदा तिथे गोल्फ खेळतो. ग्रीनजवळ, म्हणजे झेंडा लावलेल्या होलभोवतीच्या बारीक छाटलेल्या गवताजवळ, चेंडू बऱ्यापैकी पोहोचतो, पण शेवटच्या वीस-तीस पावलांत सगळे मुसळ केरात जाते. कधी क्लब (चेंडू मारायचा दांडा) चेंडूच्या आधीच जमिनीत रुततो आणि चेंडू दोन हात सरकून थांबतो, तर कधी चेंडूच्या पोटावर धार बसून तो ग्रीन ओलांडून पलीकडे जातो. टीव्हीवरचे खेळाडू चेंडू उंच उडवून झेंड्याशेजारी थांबवतात, तसे जमावे म्हणून साठ अंशांचा वेज (तिरप्या तोंडाचा, चेंडू उंच उडवणारा क्लब) घेतला, पण अधिकच बिघडले. सराव गावाबाहेरच्या आमच्या मोकळ्या प्लॉटवर, काळ्या जमिनीवर करतो. सोबतचे म्हणतात, मी मान वर करतो. पूर्वी पार्क मैदानावर क्रिकेट खेळायचो, तेव्हा मनगटाचा दोष असेल का? दुसरा वेज घ्यावा का? आणि परवा एकाच फटक्यात क्लब चेंडूला दोनदा लागला, तर मित्राने दंडाचा एक फटका वाढवला. हे बरोबर आहे का?"

सप्रेम नमस्कार.

आपण दोन वेगळे दोष म्हणून ज्या गोष्टी सांगितल्या आहेत त्या मुळात एकाच दोषाची दोन रूपे आहेत, आणि हे एकदा ध्यानात आले की पत्रातील निम्मा गुंता तिथेच सुटतो. क्लब वर्तुळाकार मार्गाने फिरतो आणि त्या मार्गात एक सर्वांत खालचा बिंदू असतो. चिपच्या, म्हणजे ग्रीनजवळून मारायच्या छोट्या फटक्यात हा बिंदू चेंडूच्या किंचित पुढे, म्हणजे होलच्या बाजूला पडायला हवा. तसे झाले तर क्लब आधी चेंडूला आणि मग गवताला लागतो. आपल्या बाबतीत तो चेंडूच्या मागे पडतो आहे. अशा वेळी क्लब पूर्ण खाली आला तर तो जमिनीत रुततो. आणि तो रुतू नये म्हणून हात ऐनवेळी आखडले गेले, तर वर निघालेल्या क्लबची धार चेंडूच्या मध्यावर बसते. नियमाप्रमाणे चेंडूचा व्यास किमान 42.67 मिलिमीटर असतो, म्हणजे त्याचा मध्य जमिनीपासून जेमतेम 21 मिलिमीटर उंचीवर असतो. चूक खपवून घ्यायला एवढीच जागा असल्यामुळे एकाच दिवशी, एकाच माणसाकडून, दोन्ही प्रकारचे फटके निघतात आणि आपल्याला नेमके काय चुकते आहे तेच उमगत नाही.

खालचा बिंदू मागे का पडतो, याचे उत्तर आपणच पत्रात देऊन ठेवले आहे. आपल्याला चेंडू उंच उडवायचा आहे. चेंडू वर जावा या इच्छेने शरीराचा भार नकळत उजव्या पायावर जातो, उजवा खांदा खाली झुकतो आणि मनगटे चेंडूखाली हात घातल्यासारखी पुढे उलटतात. (आपण उजव्या हाताने खेळता असे गृहीत धरून लिहीत आहे.) वास्तविक वेजच्या तोंडाचा उतार, ज्याला लॉफ्ट म्हणतात, तो याच कामासाठी घडवलेला असतो. पिचिंग वेजचा लॉफ्ट साधारण 44 ते 48 अंश आणि सँड वेजचा 54 ते 58 अंश असतो. इतका कललेला पृष्ठभाग चेंडूला व्यवस्थित लागला, तर चेंडूला वर जाण्यावाचून गत्यंतर नाही. खेळणाऱ्याने त्यात भर घालायला गेले की काम बिघडते.

मान वर करण्याविषयी आपले सोबती जे सांगतात ते गोल्फच्या मैदानावरचे सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत निरुपयोगी निदान आहे. मान वर जाते हे खरे असेलही, पण ती भार मागे गेल्यामुळे आणि छाती वर उचलली गेल्यामुळे जाते. तो परिणाम आहे. मान दाबून धरल्याने कारण जात नाही, उलट शरीर ताठरते, वळायचे थांबते आणि मग सगळा फटका एकट्या हातांनी मारावा लागतो.

तेव्हा सुरुवात उभे राहण्यापासून करावी. पाय जवळ घ्यावेत, दोन टाचांमध्ये क्लबचे एखादे डोके मावेल इतकेच अंतर ठेवावे. क्लब थोडा खालून धरावा. भार डाव्या पायावर, शंभरातले साठ-पासष्ट भाग, आधीच ठेवावा आणि फटका पूर्ण होईपर्यंत तो तिथून हलू देऊ नये. चिपमध्ये भार मागे नेऊन पुढे आणण्याची काहीही गरज नसते. शर्टाच्या गुंड्यांची ओळ चेंडूच्या किंचित पुढे यावी. चेंडू दोन पायांच्या मध्याशी किंवा त्याहून बोटभर मागे असावा. हात चेंडूच्या जरासे पुढे असावेत, पण "जरासे" या शब्दाकडे लक्ष द्यावे, कारण हात फार पुढे ढकलले की क्लबचा तळ जमिनीवरून घसरण्याऐवजी पुढची धार खुरप्यासारखी मातीत शिरते. त्यानंतर खांदे आणि छाती मिळून एक छोटा झोका घ्यावा आणि फटका संपताना छाती होलच्या दिशेने वळलेली असावी. अंतर कमी-जास्त करायचे ते झोक्याच्या लांबीने करावे. लांब झोका घेऊन चेंडूजवळ हात मंद करणे ही आपल्याकडच्या बहुतेक हौशी खेळाडूंची सवय असते आणि आपल्या पत्रावरून आपणही तेच करत असावेत असे वाटते. मागे कमी जावे आणि पुढे न कचरता जावे, एवढे पथ्य पुरेसे आहे.

क्रिकेटविषयीची आपली शंका रास्त आहे. उजव्या हाताच्या फलंदाजाचा खालचा हात उजवा असतो आणि चेंडू उचलून मारताना तोच पुढाकार घेतो. ही सवय वेज हातात आल्यावरही सुटत नाही. उजवे मनगट सरळ होते, डावे मागच्या बाजूला मोडते आणि क्लबचे डोके हातांच्या पुढे निघून जाते. यावर एक जुना उपाय आहे. क्लबच्या मुठीला जोडून एखादी लांब पातळ काठी अशी धरावी की तिचा वरचा भाग डाव्या बरगडीच्या बाजूने मागे निघेल. मग चेंडूशिवाय चिपचा झोका घ्यावा. मनगट उलटले की काठी बरगडीवर येऊन बसते. इतके स्पष्ट उत्तर कोणताही व्हिडिओ देत नाही, आणि हा सराव घराच्या गच्चीवरही करता येतो.

आता साठ अंशांच्या वेजकडे वळू. वेज विकत घेताना दुकानदार लॉफ्टचा आकडा सांगतो, पण त्याच्या शेजारी कोरलेल्या दुसऱ्या आकड्याविषयी क्वचितच बोलतो. तो दुसरा आकडा बाउन्सचा असतो. क्लबचा तळ पुढच्या धारेपेक्षा किती खाली उतरलेला आहे, ते तो अंशांत सांगतो. चार ते सहा अंश म्हणजे कमी बाउन्स, दहाच्या वर म्हणजे जास्त. वाळूत किंवा मऊ, ओल्या गवतात हा फुगीर तळ क्लबला रुतू देत नाही. त्याचा इतिहास मोठा रंजक आहे. जीन साराझेन या अमेरिकन खेळाडूने एका जुन्या क्लबच्या तळाला डाख लावून तो जाड केला आणि 1932 साली इंग्लंडमधील प्रिन्सेस मैदानावर ब्रिटिश ओपन जिंकताना तो वापरला. आजचा सँड वेज त्यातून पुढे आला. विमान उडवायला शिकताना शेपटीकडचा भाग खाली झाला की नाक वर उचलले जाते, हे पाहून आपल्याला ही कल्पना सुचली, असे ते सांगत असत.

ही सगळी करामत मऊ जमिनीवर उपयोगाची. आपला प्लॉट काळ्या मातीचा आहे. आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ही माती भेगाळते आणि दोन भेगांमधला भाग फरशीइतका टणक होतो. त्यावर जास्त बाउन्सचा वेज, त्यातही तोंड उघडून (आकाशाकडे अधिक वळवून) ठेवलेला, आपटला की तळ आधी जमिनीला लागून क्लब उसळतो आणि धार थेट चेंडूच्या मध्यावर येते. म्हणजे आपल्या चुकांमधील काही चुका आपल्या नाहीतच, त्या जमिनीच्या आणि वेजच्या न जुळण्याच्या आहेत. आपल्या वेजवरचा आकडा पाहावा. तो दहा किंवा त्याहून अधिक असेल तर तो वेज पावसाळ्यातल्या ओल्या मैदानासाठी आणि बंकरसाठी, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांसाठी, राखून ठेवावा. नवा वेज मात्र सध्या घेऊ नये. पिशवीत पिचिंग वेज, नऊ नंबर आणि आठ नंबर हे क्लब (नंबर जितका कमी, तितका तोंडाचा उतार कमी) असतीलच; पुढचे काही महिने ग्रीनच्या काठावरची आपली तीन-चतुर्थांश कामे ते करतील.

याचे कारण साधे आहे. चेंडू जितका वेळ हवेत, तितकी चुकीला जागा अधिक. जमिनीवरून घरंगळणारा चेंडू थोडा चुकीचा लागला तरी होलच्या आसपास पोहोचतो, पण साठ अंशांच्या वेजने तोच फटका तितकाच चुकला तर चेंडू कुठे जाईल ते सांगता येत नाही. म्हणून फटक्याआधी झेंड्याकडे पाहण्याऐवजी चेंडू कुठे टेकवायचा ती जागा ठरवावी. ही जागा ग्रीनच्या आत साधारण एक पाऊल असावी, कारण तिथला पृष्ठभाग सपाट आणि भरवशाचा असतो. चेंडूपासून त्या जागेपर्यंतची पावले मोजावीत, तिथून होलपर्यंतची मोजावीत, आणि दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागावे. आलेला भागाकार बारातून वजा केला की क्लबचा नंबर मिळतो. पिचिंग वेजला दहा नंबर समजावे. समजा, चेंडू ग्रीनच्या काठापासून तीन पावले बाहेर आहे आणि होल चेंडूपासून बारा पावलांवर आहे. एक पाऊल आत टेकवायचे तर हवेतील अंतर चार पावले, घरंगळायचे आठ; भागाकार दोन, म्हणजे पिचिंग वेज. होल वीस पावलांवर असेल तर चार आणि सोळा, भागाकार चार, म्हणजे आठ नंबर. झोका मात्र दोन्ही वेळा जवळपास सारखाच, आणि या हिशेबाची खरी गंमत त्यातच आहे. हा हिशेब सपाट आणि मध्यम वेगाच्या ग्रीनसाठी आहे. चढावर चेंडू कमी घरंगळतो, तेव्हा एक नंबर खाली यावे (नऊऐवजी आठ); उतारावर एक नंबर वर जावे. पावसाळ्यात ग्रीन जड झाले की चढाचाच हिशेब धरावा.

चेंडू ग्रीनच्या अगदी लगत, सपाट छाटलेल्या किंवा उघड्या पडलेल्या जागी असेल तर पटर (ग्रीनवर चेंडू घरंगळवायचा क्लब) काढायला संकोच करू नये. त्यात कमीपणा वाटणारे खेळाडू असतात; त्यांची गुणपत्रिका पाहावी. पटर चालणार नाही इतके अंतर असेल, तर पिचिंग वेज पटरसारखा उभा धरून, क्लबची टाच, म्हणजे डोक्याची दांड्याकडची बाजू, थोडी उचललेली ठेवून, तोंडाच्या टोकाकडील भागाने चेंडू खेळावा. टाच वर असल्यामुळे जमिनीला घासायला क्लबचा फारसा भागच उरत नाही आणि टणक जागेवर हा फटका विलक्षण भरवशाचा ठरतो.

सरावाच्या जागेचे काय करायचे, यावर माझे मत ठाम आहे. काळ्या जमिनीवर थेट सराव बंद करावा. खडे लागून क्लबचा तळ ओरखडतो, मनगटाला हादरे बसतात आणि ते टाळण्यासाठी शरीर हात आखडायला शिकते, जी सवय आपल्याला मोडायची आहे. प्लॉट आपला स्वतःचा आहे, तर कोपऱ्यात दहा फूट लांब आणि सहा फूट रुंद पट्ट्यात हरळी लावावी. शेतकरी आयुष्यभर जी हरळी खणून काढतो ती मुद्दाम लावताना पाहून शेजारपाजारचे हसतील, पण हीच हरळी म्हणजे गणपतीला वाहतो ती दूर्वा, आणि हिलाच गोल्फच्या जगात बर्म्युडा गवत म्हणतात. आपल्याकडील अनेक मैदानांवर तिच्याच जाती असतात. ऊन तिला मानवते आणि पाणी तुलनेने कमी लागते, ही आपल्या शहरात लहान गोष्ट नव्हे. पट्टा सपाट करून, आठवड्यातून एकदा छाटून ठेवला की काम झाले. तोवर काथ्याच्या पायपुसण्यावरून चेंडू मारावा, पण एक लक्षात ठेवावे: पायपुसण्यावर मागे आपटलेला क्लब घसरत पुढे जातो आणि फटका चांगला झाल्याचा भास होतो.

हा भास घालवायला आपल्याच मालाचा उपयोग आहे. एक टॉवेल एकपदरी पसरून त्याची कड चेंडूच्या मागे वीतभर अंतरावर ठेवावी. खालचा बिंदू मागे पडला की क्लब टॉवेलला अडकतो आणि टॉवेल गोळा होतो. दुसरा टॉवेल चौपदरी घडी करून चार पावलांवर, चेंडू टेकवायच्या जागी ठेवावा आणि चेंडू नेमका त्याच्यावर पाडायचा प्रयत्न करावा. सोलापुरी टेरी टॉवेलवर पडलेला चेंडू जागीच मरतो, त्यामुळे तो नेमका कुठे पडला हे दिसते आणि गोळा करायला लांब जावे लागत नाही. सुरुवातीला क्लब बाजूला ठेवून चेंडू हातानेच खालून टॉवेलवर टाकून पाहावा. हाताने टाकताना अंतर मनाला आपोआप कळते आणि हात न कचरता पुढे जातो. क्लब घेतल्यावर तोच अंदाज कायम ठेवायचा. एकाच जागेवरून ढीगभर चेंडू मारण्यापेक्षा दर दोन-तीन फटक्यांनी टॉवेल हलवावा आणि क्लब बदलावा, कारण मैदानावर तोच फटका दुसऱ्यांदा मारायला कोणी देत नाही. उन्हाळ्यात हे सगळे सकाळी आठच्या आत उरकावे. आणि प्लॉटलगत मुले खेळत असतील, तर धार बसलेला चेंडू सत्तर-ऐंशी पावले जाऊ शकतो हे ध्यानात ठेवून फोमचे चेंडू वापरावेत.

पुण्यात खेळताना हरळीची एक खोड सांभाळावी. तिची पाती एका दिशेने झुकून वाढतात. ग्रीनकडे पाहताना गवत चकचकीत दिसले तर पाती आपल्यापासून दूर झुकलेली असतात आणि चेंडू अधिक घरंगळतो. गवत गडद, निस्तेज दिसले तर पाती आपल्याकडे झुकलेली असतात आणि चेंडू लवकर थांबतो. ग्रीनबाहेर पाती आपल्याकडे झुकलेली असतील तर वेजची धार त्यांत अडकते, तेव्हा तिथे पटर किंवा आठ नंबरच बरा. शंका वाटली तर कॅडीला, म्हणजे पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाला, विचारावे. त्या मैदानावरच्या कॅडींना ही पाती तोंडपाठ असतात आणि हौशी खेळाडू त्यांना फक्त अंतर विचारत बसतात.

उंच फटका कधीच मारू नये असे नाही. मध्ये बंकर आहे आणि होल ग्रीनच्या अलीकडच्या काठाला लागून आहे, अशा वेळी घरंगळणारा चेंडू उपयोगाचा नसतो. तिथे सँड वेज घ्यावा, पाय थोडे अधिक फाकवावेत, चेंडू मध्याशी ठेवावा, मनगटे मागे जाताना सहज मोडू द्यावीत आणि शरीर पूर्ण वळवावे. डोके बारावर आणि चेंडू सहावर धरून डावा हात घड्याळातील साडेसातच्या काट्यापर्यंत, नऊच्या काट्यापर्यंत आणि साडेदहाच्या काट्यापर्यंत नेल्यावर चेंडू किती पावले जातो, ते एकदा मोजून वहीत लिहून ठेवावे. साठ अंशांचा वेज यासाठीसुद्धा तूर्त नको. आणि चेंडू टणक उघड्या जागी असेल तर बंकर पार करण्याचा हट्ट सोडून बाजूने ग्रीनवर यावे.

आता शेवटचा प्रश्न. आपल्या मित्राचा हिशेब जुना आहे. जानेवारी 2019 पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे, एकाच फटक्यात क्लब अनवधानाने चेंडूला एकाहून अधिक वेळा लागला तर तो एकच फटका धरला जातो, दंड नाही. हे नियम 10.1अ मध्ये आहे. पूर्वी मात्र दंड होता आणि त्याची किंमत तैवानच्या टी. सी. चेन यांनी मोजली. 1985 च्या यूएस ओपनमध्ये शेवटच्या दिवशी ते चार फटक्यांनी आघाडीवर होते. पाचव्या होलवर ग्रीनजवळच्या दाट गवतातून खेळताना क्लब चेंडूला दोनदा लागला, त्या होलवर त्यांचे आठ फटके झाले आणि अखेरीस स्पर्धा एका फटक्याने हुकली. आपला चेंडू दोनदा लागला तो, बहुतेक, क्लब चेंडूजवळ मंद झाल्यानंतर मनगटाने पुन्हा पुढे ढकलल्यामुळे. तेव्हा दंड नसला तरी काठीचा सराव त्या आठवड्यात थोडा जास्त करावा. मित्राने वाढवलेला फटका तेवढा गुणपत्रिकेतून वजा करून घ्यावा.